धनाजीचा सत्त्याण्णव टक्के गुडघा

तीन मेंढरं हरवल्याचं ज्या दिवशी कळलं, त्याच दिवशी बिरदेवच्या गुडघ्याचा विषय घरात निघाला.

संध्याकाळी मेंढरं वाघरीच्या जाळीत कोंडताना बिरदेवनं ती मोजली. सेहेचाळीस हवी होती, त्रेचाळीस भरली. त्यानं पुन्हा मोजली. तेवढ्यात भूमहून त्याच्या मुलाचा, धनाजीचा, फोन आला. शेजारच्या रानातल्या बलभीमनं धनाजीला आधीच कळवलं होतं.

“आबा, तीन मेंढरं कुठायत?”

“हितंच हायेत. का?”

“बलभीमकाकाच्या कोथिंबिरीत हायेत. म्हंजे दोन हायेत. तिसरं सापडंना. आन कोथिंबीर पण सापडंना.”

फोन कानाला लावून बिरदेव उजव्या पायावरचा भार डाव्या पायावर घेत उभा राहिला.

मेंढरं चारायला दोन माणसं लागतात. एक पुढं चालतो, वाट धरतो. एक मागं चालतो. मागच्यानं रेंगाळलेलं मेंढरू हाकायचं, लंगडं उचलायचं, दुसऱ्याच्या पिकात तोंड घालणाऱ्याला खडा मारायचा. एकेचाळीस वर्षं बिरदेव पुढं चालला आणि त्याची बायको हरणाबाई मागं चालली. फाल्गुनात हरणाबाई तीन दिवसांच्या तापानं गेली. तेव्हापासून मागं कोणी नव्हतं. हे मेंढरांना आठवड्यात कळलं. बिरदेवला कळायला सहा महिने लागले. पुढं चालणाऱ्याला मागं काय काम असतं, हे दिसत नाही.

पुढच्या रविवारी धनाजी बायकोला, दैवशालाला, घेऊन वस्तीवर आला. वस्ती सोनारी गावापासून तीन किलोमीटरवर. धनाजी भूमला एका शाळेत क्लार्क होता आणि तिथं तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत होता.

“आबा, आता बास. मेंढरं इका आन आमच्यासंगं भूमला चला,” तो म्हणाला.

“तीनच मेंढरं हुती. त्यातली दोन सापडली.”

“मेंढराचं सोडा. गुडघा गेलाय तुमचा.”

“गुडघ्याला काय धाड भरली? खडा रुतलाय पायात.”

“सहा महिनं एकच खडा?”

“आमच्याकडचं खडं टिकाऊ असत्यात.”

दैवशाला चहा गाळता गाळता म्हणाली, “मामा, परंड्यात गुडघ्याचं शिबिर हाय शुक्रवारी. फुकट फोटो काढणारेत. आन फोटो बघायला मशीन आणलंय. हजारो गुडघं बघून शिकलंय म्हणं. झीज हाय का सूज हाय का जुना मार हाय, समदं येगयेगळं सांगतंय.”

“हजारो?” बिरदेवला ते फारसं वाटलं नाही. “म्या रोज एकशे ऐंशी गुडघं बघतो. कुणाला शिबिर न्हाय भरवलं.”

बराच वेळ वाद झाला. शेवटी ठरलं ते असं: मशीन म्हणालं गुडघा गेलाय, तर मेंढरं विकायची आणि बिरदेवनं भूमला जायचं. मशीन म्हणालं चांगला आहे, तर धनाजीनं हा विषय जन्मात पुन्हा काढायचा नाही. बिरदेव कबूल झाला, पण नंतर शुक्रवारपर्यंत त्याला नीट जेवण गेलं नाही. गुडघा कसा आहे, हे त्याला मशीनच्या आधीपासून माहीत होतं.

शुक्रवारी दोघं बापलेक एसटीनं परंड्याला गेले. एका संस्थेच्या सभागृहात शिबिर होतं. दारात रांग होती, आणि रांगेत आजूबाजूच्या वस्त्यांवरची सगळी तोंडं ओळखीची होती. धनाजीचं लक्ष बापाच्या पायाकडं गेलं. धोतर खोचलेलं होतं आणि उजव्या गुडघ्याखाली बंडप्पाचा गंडा दिसत होता.

बंडप्पा वस्तीच्या पलीकडं राहायचा. गुडघा दुखणाऱ्याला तो काळ्या लोकरीचा दोरा वळून, त्यात शिशाचा एक मणी ओवून बांधायचा. त्या भागात ज्याचा गुडघा दुखत होता, त्याच्या गुडघ्याखाली बंडप्पाचा मणी होताच.

“आबा, ते काढा आधी.”

“का?”

“शिकलेली डॉक्टर हाय आत. मशीन लावलंय आन तुमी गंडा बांधून चाललात. हसतील आपल्याला.”

“काढतो. मग ठेवू कुठं?”

“खिशात ठेवा.”

“खिशात चालत न्हाय. भुईला टेकवायचा न्हाय, खुंटीला आडकवायचा न्हाय. काढला की घरातल्याच दुसऱ्याच्या गुडघ्याखाली बांधायचा. न्हायतर दुखणं दुप्पट हुतंय. बंडप्पानं सांगितलंय.”

“मग?”

बिरदेवनं मुलाच्या पँटकडं पाहिलं.

धनाजीनं आजूबाजूला पाहिलं. मग सभागृहाच्या मागं जाऊन पँटचा उजवा पाय वर सरकवला आणि बापानं त्याच्या गुडघ्याखाली गंडा बांधला. पँट खाली केल्यावर काहीच दिसत नव्हतं. धनाजीला हायसं वाटलं.

आत एक्स-रेचे फोटो काढणारा मल्लिकार्जुन नावाचा तरुण होता. त्यानं बिरदेवला टेबलावर झोपायला सांगितलं. बिरदेव टेबलापाशी उभाच राहिला.

“आधी ह्याचा काढा.”

“बाबा, ह्यांना काय होतंय?” मल्लिकार्जुननं विचारलं.

“काय हुत न्हाय, तेच बघायचंय. ह्याला काय झालं न्हाय तर म्या झोपतो.”

“आबा, लोकं खोळंबल्यात!”

“मग झोप की लवकर.”

मल्लिकार्जुन म्हणाला, “झोपा साहेब. फुकटच आहे.” धनाजी झोपला. त्याचा फोटो निघाला. मग बिरदेव झोपला, त्याचाही निघाला. दोन्ही फोटो कॉम्प्युटरमध्ये गेले. शेजारच्या प्रिंटरमधून दोन कागद आले.

धनाजीनं बापाचा कागद आधी वाचला. *बिरदेव, वय सदुसष्ट, उजवा गुडघा. निष्कर्ष: चांगला. खात्री शहाण्णव टक्के.*

त्यानं तो पुन्हा वाचला. मग दुसरा वाचला. *धनाजी, वय एकोणचाळीस, उजवा गुडघा. निष्कर्ष: तीव्र झीज. खात्री सत्त्याण्णव टक्के. जिना चढू नये. मांडी घालू नये. ओझे उचलू नये. सपाट, मऊ जमिनीवर सावकाश चालावे.*

“काय म्हणतंय मशीन?” बिरदेवनं विचारलं.

“कागद बदललेत,” धनाजी म्हणाला.

मल्लिकार्जुननं फोटोवरची नावं दाखवली. बदललेले नव्हते.

“मग मशीन चुकलंय. परत बघा.”

मल्लिकार्जुननं धनाजीचा पाय पुन्हा टेबलावर घेतला, पुन्हा फोटो काढला, पुन्हा मशीनमध्ये टाकला. कागद आला. त्यानं तो वाचून तोंड जरा पाडलं. “साहेब, आता अठ्ठ्याण्णव झालं. अजून एकदा टाकू का?”

“नको,” धनाजी म्हणाला.

“डॉक्टर मॅडम आठवड्यात सगळे फोटो स्वतः बघणारेत. तोवर कागदावर लिहिलंय तसं वागा.”

बाहेर आल्यावर बिरदेवनं कागद मागून घेतला. वाचता येत नसलं तरी त्यानं तो दोन्ही बाजूंनी पाहिला. “सत्त्याण्णव टक्के! धना, धाव्वीला तुला किती हुतं?”

“अठ्ठेचाळीस.”

“मग? आपल्या घराण्यात एवढं कुणालाच पडलं न्हाईत.”

तो इतका खूश होता, की गंडा परत मागायचं विसरला. धनाजी इतका घाबरला होता, की तोही विसरला.

भूमला पोचेपर्यंत धनाजीचा गुडघा दुखायला लागला होता. पहिल्या मजल्यावर त्यानं कठडा धरला, दुसऱ्यावर बसला. तिसऱ्या मजल्यावरून दैवशाला खाली आली आणि त्याला काखेत हात घालून वर नेलं. कागद वाचून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“अहो, तुम्हाला एवढं दुखत हुतं आन बोलला न्हाईत?”

“मलाच आज कळलं.”

“सहनशक्ती लई हाय तुमची,” ती म्हणाली. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. असं ती पहिल्यांदाच म्हणाली होती. धनाजीनं विषय पुढं नेला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं हिशेब केला. घर तिसऱ्या मजल्यावर. शाळेत ऑफिस वरच्या मजल्यावर. जिना चढायचा नाही, तर माणसानं जायचं कुठं? सपाट, मऊ जमीन कुठं आहे? सासऱ्याकडं आहे. तिनं नवऱ्याला पंधरा दिवसांची रजा टाकायला लावली. एक प्लास्टिकची खुर्ची, एक कमोडची खुर्ची आणि एक काठी घेतली आणि जीपनं त्याला वस्तीवर आणून सोडलं. बापाला भूमला न्यायला निघालेला धनाजी स्वतःच अंथरूण-पांघरूण घेऊन वस्तीवर आला.

बलभीम भेटायला आला. कमोडची खुर्ची अंगणात होती, तीच ओढून तो तिच्यावर बसला. “धनाजी, तरण्या वयात वाईट झालं बाबा. आन बिरदेव तर बघ, परवापस्नं कसा ताठ चालतोय.”

हे खरं होतं. कागद आल्यापासून बिरदेवनं लंगडणं बंद केलं होतं. गुडघा पहिल्यासारखाच दुखत होता. पण आता मशीननं चांगला म्हटलेला गुडघा घेऊन लंगडायचं कसं? मेंढरं राखायची असतील, तर ताठ चालणं भाग होतं. मुलाच्या नजरेआड, ओढ्याच्या पलीकडं बाभळीमागं गेल्यावर तो बसायचा आणि दोन्ही हातांनी गुडघा दाबत राहायचा.

तिसऱ्या दिवशी धनाजी खुर्चीत बसून कंटाळला. बिरदेवनं मेंढरं सोडली आणि म्हणाला, “कागदावर चालायचं लिव्हलंय ना?”

“सपाट, मऊ जमिनीवर. सावकाश.”

“मग मागनं ये. मेंढरू काय पळत न्हाय.”

धनाजी काठी टेकत मागनं निघाला. पहिल्या दिवशी मेंढरांनी त्याची दखलच घेतली नाही. दोन मेंढ्या वळल्या आणि सरळ बलभीमच्या रानात शिरल्या. त्यानं खडा मारला, तो बलभीमला लागला. दुसऱ्या दिवशी एक कोकरू काटेरी तारेत अडकलं, ते सोडवून खांद्यावर घेऊन तो अर्धा कोस चालला. ओझं उचलू नये, हे घरी आल्यावर त्याला आठवलं. चौथ्या दिवशी मेंढरं त्याच्या आवाजानं वळायला लागली. आई तोंडानं जो आवाज काढायची, तो त्याच्या तोंडून कसा निघाला, हे त्याला कळलं नाही. पुढं चाललेला बिरदेव तो आवाज ऐकून थांबला. मागं वळला नाही. थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि पुन्हा चालू लागला.

त्या आठवड्यात एकही मेंढरू हरवलं नाही.

रविवारी दैवशाला डबा घेऊन आली आणि मुक्कामाला राहिली. नवरा मेंढरांमागून येताना तिला दिसला. रंग उन्हानं काळा पडला होता, पोट जरा कमी झालं होतं आणि तो लंगडत होता.

“अहो, कागदावर उजवा हाय.”

“मग?”

“तुम्ही डाव्यानं लंगडताय.”

धनाजी थांबला. खाली पाहिलं. मग पाय बदलला.

नवव्या दिवशी सकाळी परंड्याहून एक गाडी आली. तिच्यातून डॉक्टर राजेश्वरी उतरल्या आणि मागोमाग मल्लिकार्जुन. डॉक्टरांनी दोन रात्री बसून शिबिरातले सगळे फोटो स्वतः पाहिले होते. मशीननं ज्यांना तीव्र झीज सांगितली, त्यांत रणधीर नावाचा एक पैलवान होता. त्याचा गुडघा डॉक्टरांनी आजवर पाहिलेल्या गुडघ्यांत सर्वांत चांगला होता. मागच्या वर्षी मुरगळला होता, तो कधीच बरा झाला होता. धनाजीचाही गुडघा तसाच चांगला. आणि शहाण्णव टक्के चांगला असलेला बिरदेवचा गुडघा पाहून त्यांना खुर्चीवरून उठावं लागलं होतं. मशीन चुकलं, हे सांगून माफी मागायला त्या आल्या होत्या.

समोरून मेंढरं येत होती. पुढं म्हातारा ताठ मानेनं, झपझप चालत होता. मागं तरुण माणूस काठी टेकत, तोंड वाकडं करत लंगडत होता.

डॉक्टर बराच वेळ पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “मल्लिकार्जुन, मशीन बरोबर आहे की काय?”

“मॅडम, मी तर म्हणतच होतो.”

“पण फोटो तर उलटं सांगतात!”

“मग फोटो चुकले असतील.”

डॉक्टरांनी धनाजीला खुर्चीत बसवलं. “तुमचा गुडघा मला प्रत्यक्ष बघू द्या. पँट वर करा.”

धनाजीनं पँट वर केली. काळ्या लोकरीचा दोरा आणि शिशाचा मणी उन्हात चमकला. धनाजी लाजला. पण डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी मोबाइलवर त्याच्या गुडघ्याचा शिबिरातला फोटो उघडून मण्याशेजारी धरला. फोटोत हाडाखाली एक पांढरा गोल ठिपका होता.

“हा ठिपका मशीननं झीज सांगितलेल्या प्रत्येक फोटोत आहे,” त्या म्हणाल्या. “आम्हाला वाटलं, प्लेटवर डाग आहे.”

“मी तीनदा पुसली,” मल्लिकार्जुन म्हणाला.

डॉक्टर कमोडच्या खुर्चीवर बसल्या. ती कसली खुर्ची आहे, हे सांगायचं धाडस कोणाला झालं नाही. “मशीन शिकवताना दुखणाऱ्या गुडघ्यांचे फोटो आम्ही ह्याच भागातले घेतले होते. चांगल्या गुडघ्यांचे शहरातल्या कॉलेजच्या मुलांचे. हा मणी अजून किती जणांच्या पायात आहे?”

“ज्यांचा दुखतो त्या समद्यांच्या,” बिरदेव म्हणाला.

“आणि ज्याचा दुखत नाही?”

“त्यो कशाला बांधंल?”

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “म्हणजे मशीननं गुडघा बघितलाच नाही. मणी दिसला की झीज, नाही दिसला की चांगला. आम्ही त्याला एवढं शिकवलं आणि ते मणी ओळखायला शिकलं.”

“म्हंजे बंडप्पा हुशार निघाला,” बिरदेव म्हणाला. “मशीन त्याच्या जिवावर चाललंय.”

आता सगळ्यांचे फोटो मण्याशिवाय पुन्हा काढावे लागणार होते. बंडप्पाला बोलावलं. काढलेला मणी घरातल्याच माणसाला बांधायचा, ह्यावर तो ठाम होता. डॉक्टरांनी खूप विनवल्यावर त्यानं तोड काढली: शिबिराचा माणूस घरातलाच समजायचा. मल्लिकार्जुनला पँट गुडघ्यापर्यंत वर करायला सांगितलं गेलं. दुपारपर्यंत त्याच्या उजव्या पायाला अकरा मणी होते आणि दारात अजून मणी उतरवायला आलेली माणसं थांबली होती.

“मॅडम, डावा पण देऊ का?” त्यानं विचारलं.

डॉक्टर धनाजीकडं वळल्या. “तुमच्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही. आजपासून जिना चढा.” मग बिरदेवकडं. “आणि बाबा, तुमचा गुडघा पार झिजलाय. एवढा झिजलेला गुडघा घेऊन तुम्ही ताठ कसे चालता, तेच मला कळत नाही. ऑपरेशन करावं लागेल. त्यानंतर तीन महिने मेंढरांमागं जायचं नाही.”

“पुढं,” बिरदेव म्हणाला. “म्या पुढं चालतो.”

“पुढंही जायचं नाही.”

पैज काय होती, ते तिघांनाही आठवत होतं. दैवशालानं नवऱ्याकडं पाहिलं. आता तो बोलणार आणि मेंढरं बाजारात जाणार, असं तिला वाटलं. धनाजीनं गुडघ्याखालचा दोरा चाचपला.

“आबा, ठरलं हुतं ते मशीनच्या कागदावर,” तो म्हणाला. “मशीन म्हणालं गुडघा चांगला हाय. कागद हाय माझ्याकडं. शहाण्णव टक्के.”

“आरं, मशीन चुकलं म्हणत्यात ना बाई!”

“चुकू द्या. ठरलं ते ठरलं. मेंढरं इकायची न्हाईत.”

“मशीनला काय कळतंय?” बिरदेव चिडला. “गुडघा माझा हाय! म्या सांगतो की, गेलाय त्यो! सहा महिनं झालं गेलाय. रातचा डोळ्याला डोळा लागत न्हाय. तुझी आय हुती तवा चोळायची तरी.”

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो, ते त्याला कळलं. तो खाली बसला. उजवा पाय लांब केला. नऊ दिवसांत पहिल्यांदाच त्यानं सगळ्यांसमोर गुडघ्याला हात लावला.

दैवशाला आत गेली आणि तेल गरम करून घेऊन आली. धनाजी बापापाशी बसला. त्यानं मांडी घातली होती, पण कोणी त्याला अडवलं नाही. तो गुडघा चोळायला लागला.

“जरा खाली,” बिरदेव म्हणाला. “तिथं न्हाय. तिथं.”

ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं ठरलं आहे. धनाजीनं रजा वाढवायचा अर्ज शाळेत दिला आहे. त्यात कारण काय लिहायचं हे न सुचल्यामुळे ती जागा त्यानं कोरी ठेवली आहे. त्या तीन महिन्यांत मेंढरांमागं तो चालेल. पुढं कोण चालणार, हे अजून ठरायचं आहे.